देहातले घड्याळ आणि रात्रीचा सांगावा



कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, ही म्हण आपण वेळोवेळी वापरतो. खरी गोष्ट दडवली तरी बाहेर यायचीच, एवढाच तिचा अर्थ आपण घेतो. परंतु या म्हणीच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे, तो मात्र आपण कधी विचारीत नाही. डालग्याखाली झाकलेल्या त्या कोंबड्याला पहाट झाली हे कळते कसे? पूर्वेला तांबडे फुटण्याच्या आधीच तो बांग देतो. त्याला कोण उठवते?

जपानमधील नागोया विद्यापीठात शिमुरा आणि योशिमुरा या दोन शास्त्रज्ञांनी हाच प्रश्न विचारला. त्यांनी कोंबडे बंद खोलीत, मंद आणि सदा सारख्याच उजेडात ठेवले. तिथे सूर्योदय नाही, सूर्यास्त नाही. तरीही कोंबडे कित्येक दिवस सुमारे चोवीस तासांच्या अंतराने, आपल्या ठरल्या वेळीच आरवत राहिले. हा प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. कोंबड्याचे घड्याळ त्याच्या देहातच असते, हे त्यावरून दिसून आले. आणि बरं का, ते नुसते कोंबड्यात नाही. झाडात आहे, म्हशीत आहे, तुमच्या-आमच्यातही आहे. ते माणसाला सापडले कसे, त्याचे काटे कोण जुळवते, आणि रात्र झाल्याची वर्दी ते देहभर कशी पोचवते, हा इतिहास आज तुम्हांला सांगावयाचा आहे.

या इतिहासाचा आरंभ झाडाच्या पानापासून होतो. चिंचेची पाने संध्याकाळी मिटतात आणि सकाळी उघडतात, हे आपल्या शेताच्या बांधावर कुणीही पाहिलेले असते. पण पाने सूर्य पाहून उघडतात की आपल्या आपण, याची परीक्षा कुणी केली नव्हती. ती १७२९ साली फ्रान्समध्ये झाली. द मेरां या नावाचे एक ज्योतिर्विद होते; त्यांचे काम ग्रहताऱ्यांचे. त्यांनी लाजाळूच्या जातीचे एक रोप घेतले आणि जेथे सूर्याचा किरण पोचत नाही अशा काळोख्या जागी ठेवले. दिवस उजाडला तशी पाने उघडली. सांज झाली तशी मिटली. सूर्य दिसत नसताना रोपाने सूर्याची वेळ पाळली! पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या वृत्तांतात या प्रयोगाचे एक छोटेसे टिपण छापले गेले.

आता कुणी शंका घेईल, की उजेड नसला तरी दिवसाची ऊब त्या रोपाला लागत असेल. शंका रास्त आहे. तिचे उत्तर मिळायला शंभर वर्षे लागली. १८३२ साली द कांदोल या वनस्पतिशास्त्रज्ञाने दाखवून दिले, की सतत एकसारख्या उजेडात ठेवलेल्या लाजाळूचा दिवस चोवीस तासांचा राहतच नाही. तो बावीस-तेवीस तासांचा होतो. रोप रोज एक-दोन तास पुढे जाते. विचार करा, ते बाहेरच्या सूर्याचे अनुकरण करीत असते तर बरोबर चोवीस तासांवरच राहिले असते. जे घड्याळ रोज पुढे जाते, ते दुसऱ्याचे पाहून चालत नाही. ते स्वतःच्या यंत्रावर चालते.

झाडाचे झाले; पण माणसाचे काय? त्यासाठी माणसालाच काळोखात बसवावे लागले. मिशेल सिफ्र हा तेवीस वर्षांचा फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ १९६२ च्या जुलैत आल्प्स पर्वतातील एका खोल गुहेत उतरला. घड्याळ बरोबर घेतले नाही. खाली बर्फ, गारठा आणि एक तंबू. जाग आली, जेवला, झोपायला निघाला, की तो टेलिफोनवरून वर साथीदारांना कळवायचा. किती वाजले हे त्यांनी त्याला सांगावयाचे नाही, असा करार होता. दोन महिन्यांनी, १४ सप्टेंबरला त्याला वर बोलावले, तेव्हा त्याच्या हिशेबाने २० ऑगस्टच उजाडला होता. पंचवीस दिवस मनातून गळून गेले होते! परंतु साथीदारांची टाचणे तपासली तेव्हा नवल दिसले. मनाचा हिशेब चुकला, देहाचा चुकला नव्हता. त्याचे झोपणे-उठणे जवळजवळ साडेचोवीस तासांच्या चक्रात चालू होते.

त्याच सुमारास, १९५९ साली, फ्रांझ हालबर्ग यांनी या लयीला ‘सर्काडियन’ हे नाव दिले. लॅटिन भाषेत ‘सर्का’ म्हणजे सुमारे आणि ‘डिएस’ म्हणजे दिवस. सुमारे एका दिवसाची लय. या ‘सुमारे’ शब्दातच सगळी मेख आहे. पुढे १९९९ साली अमेरिकेत काटेकोर मोजमाप झाले. त्यात माणसाच्या घड्याळाचा फेरा सरासरीने २४ तास ११ मिनिटांचा आढळला. म्हणजे रोज कुणी काटे जुळवले नाहीत, तर ते मागे पडत जाणार. ते जुळवण्याचे काम उजेड करतो. सूर्य हे घड्याळ चालवीत नाही. तो फक्त रोज त्याची वेळ लावून देतो. आपल्या देशातही या विषयावर मोठे काम झाले. मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन यांनी गुहेतील वटवाघळांच्या घड्याळाचा अभ्यास केला आणि माणसांना बाहेरच्या जगापासून अलग ठेवून पाहण्याची सोयही तिथे उभारली.

हे घड्याळ देहात आहे खरे, पण नेमके कोठे? १९७२ साली अमेरिकेत दोन ठिकाणी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, त्याचा पत्ता लागला. दोन डोळ्यांतून निघालेल्या दृष्टीच्या शिरा मेंदूच्या तळाशी एकमेकींना छेदून फुली करतात. त्या फुलीच्या अगदी वर पेशींचे दोन चिमुकले पुंजके आहेत. माणसात त्यांच्या साऱ्या पेशी मिळून सुमारे २०,००० भरतात. उंदरांतील हे पुंजके नष्ट केले, तेव्हा त्यांना दिवस-रात्रीचे भान उरले नाही. ते केव्हाही पाणी पिऊ लागले, केव्हाही धावू लागले. मग १९९० साली याहून पक्का पुरावा मिळाला. हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्यांत एक वाण असे सापडले होते, की ज्याचा दिवस वीस तासांचा. त्याचे पुंजके दुसऱ्या हॅमस्टरच्या मेंदूत रोवले, तर तो दुसराही वीस तासांचा दिवस पाळू लागला. कलमाच्या डोळ्याबरोबर झाडाचा गुण यावा, तसे पुंजक्यांबरोबर घड्याळच आले!

आता रात्रीच्या सांगाव्याकडे वळू. मेंदूच्या मध्यभागी तुरीच्या दाण्याएवढी एक ग्रंथी आहे, तिला पिनियल म्हणतात. सतराव्या शतकातील फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त यांना ती आत्म्याचे मुख्य आसन वाटली होती. तिच्या खऱ्या कामाचा धागा मात्र बेडकाच्या पिलांनी दाखवला. १९१७ साली मॅककॉर्ड आणि ॲलन या दोघांना आढळले, की गाईच्या पिनियल ग्रंथीचा अर्क दिला की बेडकाच्या पिलांची कातडी फिकी पडते. तो गुण कोणत्या पदार्थाचा, हे चाळीस वर्षे कुणाला ठाऊक नव्हते. अमेरिकेतील येल विद्यापीठात आरन लर्नर हे त्वचारोगतज्ज्ञ होते. अंगावर कोड उठते त्यावर या अर्काचा उपयोग होईल, अशी त्यांना आशा होती. गुराढोरांच्या हजारो ग्रंथी जमवून त्यांनी १९५८ साली तो पदार्थ वेगळा काढला आणि त्याला ‘मेलाटोनिन’ असे नाव दिले. कोडावर त्याचा उपयोग झाला नाही. पण हाताला लागले ते काही निराळेच होते.

हा पदार्थ ग्रंथीत दिवसा नाममात्र असतो आणि रात्री कित्येक पटींनी वाढतो, असे १९६० नंतरच्या वर्षांत दिसून आले. तो बनतो कसा, हे जूलियस ॲक्सेलरॉड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडले, आणि रात्र पडताच त्याच्या उत्पादनाला वेग देणारे विकर डेव्हिड क्लाइन यांनी १९७० साली दाखवले. हुकूम मात्र येतो तो घड्याळाकडून, आणि तोही मोठा वळसा घेऊन. डोळ्यातून निघालेली उजेडाची खबर आधी त्या पुंजक्यांकडे जाते. तेथून हुकूम खाली पाठीच्या कण्यात उतरतो, मानेतील चेतातंतूंच्या गाठीपर्यंत येतो, आणि पुन्हा वर चढून पिनियलला पोचतो. कल्याणहून ठाण्याला जायला पुण्याचा फेरा घ्यावा, तसा हा प्रवास! दिवसा घड्याळ ही वाट अडवून धरते. रात्र झाली की मोकळी करते. मग पिनियल मेलाटोनिन बनवते, ते रक्तात उतरते, आणि डोक्यापासून पायापर्यंत प्रत्येक अवयवाला सांगावा मिळतो: रात्र झाली.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मेलाटोनिनला कुणी कुणी झोपेचे औषध समजतात. तसे असते तर उंदीर रात्रभर कणगी कशाला पोखरता? त्याच्या रक्तातही ते रात्रीच वाढते, आणि तो तर तेव्हाच कामाला लागतो. तेव्हा मेलाटोनिन ‘झोप’ असे म्हणत नाही. ते ‘रात्र’ एवढेच म्हणते. रात्री काय करावयाचे, ते ज्याच्या-त्याच्या जातीवर अवलंबून. हा सांगावा रात्र किती लांब आहे हेही सांगतो. पावसाळा सरून रात्री वाढू लागल्या, की म्हशी अधिक संख्येने माजावर येतात, हे गोठा सांभाळणाऱ्याला सांगावे लागत नाही. त्यात चाऱ्याचा आणि उष्म्याचाही वाटा आहे. पण वाढत्या रात्रीची खबर मेलाटोनिनच पोचवते.

आता गोष्ट येते आपल्या घरात. हा सांगावा मध्येच तोडता येतो का? प्राण्यांत रात्री दिवा लावला की मेलाटोनिन काही मिनिटांत ओसरते, हे माहीत होते. माणसात तसे होत नाही, असा समज होता. १९८० साली आल्फ्रेड लूई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मोडला. ५०० लक्स उजेडाने फारसे काही झाले नाही. २,५०० लक्सचा प्रखर उजेड लावताच माणसाचेही मेलाटोनिन घसरले. पुढे अधिक बारकाईने पाहिले, तेव्हा संध्याकाळनंतरचा खोलीतला नेहमीचा दिवाही ते कमी करतो, असे आढळले. १९९५ साली तर एक चमत्कारिक गोष्ट कळली. ज्यांना काहीच दिसत नाही अशा काही अंध व्यक्तींतही प्रखर उजेडाने मेलाटोनिन घसरत होते. २००२ पर्यंत त्याचा उलगडा झाला. डोळ्याच्या पडद्यात पाहण्याच्या पेशींशिवाय आणखी थोड्या पेशी आहेत. त्यांचे मुख्य काम चित्र पाहण्याचे नाही. दिवस आहे की रात्र, ही खबर त्या घड्याळाला देतात. आणि निळसर उजेडाने त्या सर्वांत अधिक जाग्या होतात.

कंदिलाच्या मंद पिवळ्या ज्योतीपुढे आपले आजी-आजोबा बसत, तेव्हा या पेशींना फारसा धक्का लागत नसे. पांढरा एलईडी दिवा आणि तोंडाजवळ धरलेला मोबाइल यांत मात्र निळा उजेड भरपूर असतो. त्याने घड्याळाला वाटते, अजून दिवस आहे.

याची किंमत कोण मोजतो? गिरणीत आणि इस्पितळात रात्रपाळी करणारे मोजतात. वीज रात्रीची मिळते म्हणून मध्यरात्री बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायला जाणारा शेतकरी मोजतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली, देहाची लय बिघडवणाऱ्या पाळीच्या कामाला कर्करोगाचे संभाव्य कारण ठरवले, आणि २०१९ साली रात्रपाळीबाबत तोच निष्कर्ष कायम ठेवला. याचा अर्थ रात्री राबणाऱ्या प्रत्येकाला तो रोग होईल असा नव्हे. घाबरून जाण्याचे कारण नाही. पण शेतीला वीज दिवसा द्या, ही मागणी नुसती विंचू-सापाच्या भीतीची आणि सोयीची नाही, ती देहाच्या आरोग्याचीही आहे, एवढे यावरून समजावे. जे पोटासाठी जागतात त्यांची जागरणे समाजाने कमी करावीत. जे उगाच जागतात त्यांनी ती आपली आपण कमी करावीत.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, पहिल्या तासाला पेंगणारे मूल नेहमी आळशीच असते असे नाही. वयात येताना मुलांचे घड्याळ मुळातच उशिराकडे सरकते. त्यात रात्रीचा पडदा उजळ राहिला, तर सकाळ आणखी जड होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला, तो मुलांच्या झोपेचा विचार करूनच. मुलांना सकाळचे ऊन मिळू द्या आणि रात्रीचा काळोखही मिळू द्या.

आणि एक करा. शाळेच्या आवारात लाजाळूचे रोप असेल, तर ते कुंडीत लावा. चांगले रुजले की एका संध्याकाळी खोक्याने पुरते झाका. दुसऱ्या दिवशी दहा-अकराच्या सुमारास, धक्का न लावता, खोके अलगद उचलून मुलांना पाने दाखवा. सूर्य न पाहता ती उघडलेली असतील. जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वीचा तो प्रयोग मुले स्वतःच्या डोळ्यांनी पाहतील; आणि मग त्यांना विचारा, की तुमच्यातले घड्याळ काल रात्री तुम्ही किती वाजता फसवले?