हलवू नका!

मुलुंडला लोकलमधून पडलेल्या माझ्या विद्यार्थ्याला लोकांनी मायेपोटीच हातापायाला धरून उचललं. मणक्याला मार असेल तर मान-पाठ सरळ ठेवून फळीवरून न्यावं, हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

तुटलेला मज्जारज्जू आजही सांधता येत नाही. पूर्वी असे रुग्ण पाठीवरच्या जखमा चिघळून नाहीतर लघवीच्या संसर्गानं दगावत. १९४४ पासून इंग्लंडमध्ये डॉ. गुटमान यांनी त्यांना दर दोन तासांनी कूस बदलायला लावली, पुढे खेळायलाही लावलं. त्याच वाटेनं आपले मुरलीकांत पेटकर गेले. १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झालेल्या या जवानानं १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर पोहून भारताला पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण मिळवून दिलं.

माझा विद्यार्थी आज चाकाच्या खुर्चीतून शिकवण्या घेतो. आणि रस्त्यात कोणी पडलं की मी आधी ओरडते, "हलवू नका!"