बेभरवशाचा विंगर : चिखल, बूट आणि १९४०चे चषक

कोणताही चषक जिंकला गेला की समर्थकांच्या गप्पांना एक ठरलेले वळण असते. आधी अंतिम सामन्यातल्या गोलाचे पारायण होते, मग गोलरक्षकाचे कौतुक, आणि तासाभराने विषय हमखास एखाद्या विंगरवर येतो. एका सामन्यात तीन बचावपटूंना चकवून सीमारेषेलगत मुसंडी मारणारा आणि पुढचे तीन सामने मैदानावर आहे की नाही अशी शंका यावी असा. ‘गुणी आहे, पण भरवशाचा नाही.’ चषक घरात आलेला असतानाही हे वाक्य उच्चारले जातेच.

आजचा धागा या वाक्याच्या इतिहासाविषयी आहे. भारतीय फुटबॉलमध्ये हा शेरा एकेकाळी एकट्यादुकट्या खेळाडूवर नव्हे, तर अख्ख्या समाजावर मारला जात असे. गोष्ट कोलकात्याच्या मैदानात सुरू होते, ग्लासगोला जाऊन येते आणि डिसेंबर १९४०मध्ये आपल्या वर्ध्यात येऊन पोहोचते.

तेव्हाची संघरचना आधी लक्षात घ्या. दोन बचावपटू, तीन हाफबॅक आणि पुढे तब्बल पाच आक्रमक. या पाचांतले दोन्ही टोकांचे दोघे म्हणजे आउटसाइड-लेफ्ट आणि आउटसाइड-राइट. चेंडू मिळेपर्यंत वाट पाहायची आणि मिळाला की वेगात वळण घेत समोरच्याला मागे टाकायचे, एवढेच त्यांचे काम. म्हणजे विंगरचा सगळा खेळ पायाखालच्या जमिनीवर उभा असतो. मध्यभागी खेळणारा घसरला तर त्याला सावरून घ्यायला आजूबाजूला चार माणसे असतात. कडेला घसरलेला विंगर मात्र सर्व प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत एकटाच पडतो.

२९ जुलै १९११. कोलकात्यात आय.एफ.ए. शील्डचा अंतिम सामना, मोहन बागान विरुद्ध ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट. फाळणीविरोधी आंदोलनाने बंगाल पेटलेला, आणि इकडे टिळक मंडालेच्या तुरुंगात. मैदानाभोवती साठ ते ऐंशी हजार माणसे जमली होती, असे अंदाज आहेत. मागे उभ्या असलेल्यांना सामना दिसणे शक्यच नव्हते. त्यांच्यासाठी पतंग उडवून गोलसंख्या कळवली जात होती. मोहन बागानच्या अकरा जणांपैकी एकट्या सुधीर चटर्जींच्या पायात बूट होते. बाकीचे दहा जण अनवाणी.

पहिला गोल रेजिमेंटचा. बरोबरी साधली ती कर्णधार शिबदास भादुरी यांनी, आणि शिबदास खेळत होते डाव्या टोकाला. त्यांच्या शेजारी इनसाइड-लेफ्टला त्यांचेच बंधू बिजयदास. दोघे दिसायला इतके सारखे होते की मध्येच जागा बदलून ते प्रतिस्पर्ध्यांना गोंधळात टाकत, असे सांगतात. अखेरच्या मिनिटांत अभिलाष घोष यांनी दुसरा गोल केला आणि सामना २-१ असा जिंकला. भारतीय संघाने शील्ड जिंकण्याची ही पहिलीच वेळ होती.

इथवरची कथा बहुतेकांना ठाऊक असते. तिच्यावर चित्रपट आले, कादंबऱ्या आल्या. मला अधिक मोलाची वाटते ती पुढची पंचवीस वर्षे, ज्यांच्यावर कोणी चित्रपट काढत नाही.

१९११नंतर भारतीय संघाला पुन्हा शील्ड मिळाली ती थेट १९३६मध्ये. मोहन बागानला तर १९४७ उजाडावे लागले. १९२३मध्ये हा संघ मुंबईच्या रोव्हर्स चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि डरहॅम लाइट इन्फन्ट्रीकडून १-४ असा हरला. कोलकाता लीगमध्ये बराच काळ पहिल्या श्रेणीत दोनच भारतीय संघांना प्रवेश होता. जे खेळत, त्यांची तऱ्हा पाहणाऱ्याला कोड्यात टाकणारी होती. मे महिन्यात तळपणारे संघ आषाढात कोमेजून जात. गोऱ्या साहेबाने या कोड्याचे उत्तर केव्हाच काढून ठेवले होते : हा माणूस क्षणभर चमकतो, पण टिकत नाही. बुद्धी आहे, चापल्य आहे. नेट आणि दम नाही.

हे उत्तर फुटबॉलच्या निरीक्षणातून आलेले नव्हते. ते आधीच तयार होते. मेकॉलेपासून बंगाली पुरुषाला दुर्बल आणि बायकी ठरवण्याची रीत पडली होती, आणि १८५७नंतर सैन्यभरतीसाठी ‘लढवय्या जमातीं’चा सिद्धान्त रचला गेला तेव्हा बंगाली त्यातून वगळले गेले. (त्याच यादीत आपले नाव आहे म्हणून आपल्याकडे आजही अनेकांना तिचे कौतुक वाटते. यादी बनवणाऱ्याचा हेतू काय होता, हे पाहिले की ते कौतुक ओसरावे.) मैदानावर घसरलेला विंगर हा या सिद्धान्ताला आयता मिळालेला पुरावा होता. दुर्दैव असे की हरलेल्या संघाचे देशी समर्थकही तीच भाषा बोलू लागले : आपल्या पोरांत सातत्य नाही, आपल्या मातीतच काही कमी आहे.

मातीत खरोखरच काहीतरी होते. चिखल होता.

वर्धा जिल्ह्यातल्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. मृगाचा पाऊस पडल्यावर आपल्या काळ्या रानात चार पावले टाकून पाहा. चपलेसकट पाय जड होतो आणि पाचव्या पावलाला तोल जातो. कोलकात्याची गाळाची जमीन निराळी, पण लीगचा आणि शील्डचा हंगाम मात्र नेमका उन्हाळ्याची अखेर आणि पावसाळा यांत येणारा. कोरड्या मैदानावर अनवाणी पाय हा फायदाच असतो. चेंडूचा स्पर्श थेट कळतो, वळण पटकन घेता येते, अंग हलके राहते. पाऊस पडला की तोच पाय घसरतो. त्या काळचा कातडी चेंडू पाणी पिऊन जड होई आणि उघड्या पायाने तो लांब मारणे हाल करणारे असे. समोरच्या सैनिकाच्या बुटाला मात्र तळाशी खुंट्या असत. त्याला चिखलात पकड मिळे, आणि त्या खुंट्यांची भीती अनवाणी खेळाडूला वाटे ती वेगळीच.

मेमध्ये तीन जणांना चकवणारा आणि जुलैत दिसेनासा होणारा विंगर यातून आपोआप तयार होतो. त्यासाठी वंश लागत नाही, स्वभाव लागत नाही, पर्जन्यमान पुरते.

हे ओळखून त्यावर कृती करणारा क्लब म्हणजे मोहमेडन स्पोर्टिंग. स्थापना १८९१ची, पण पहिल्या श्रेणीत तो आला १९३४मध्ये. आला त्याच वर्षी लीग जिंकली, आणि मग १९३८पर्यंत सलग पाच वर्षे. त्याआधी कोणत्याही भारतीय संघाला लीग एकदाही जिंकता आली नव्हती. १९३६ची ती शील्डही यांचीच. चालकांनी दोन गोष्टी केल्या. बंगळुरूसह देशाच्या निरनिराळ्या भागांतून खेळाडू आणले, आणि ओल्या मैदानावर खेळाडूंना बूट घालायला लावले. कोरडे असेल तेव्हा अनवाणी, पाऊस असेल तेव्हा बूट. इतके साधे! तरीही या यशाची कारणमीमांसा करताना पुन्हा रक्ताकडे, आहाराकडे आणि धर्माकडे बोट दाखवले गेले. बंगाली हिंदू दुर्बल म्हणून हरतो आणि मुसलमान काटक म्हणून जिंकतो, हे स्पष्टीकरण दोन्ही बाजूंच्या काही मंडळींना सोयीचे होते. बुटाच्या खुंट्यांत कोणाला गौरव वाटणार?

याच संघात मोहम्मद सलीम होते, आणि ‘बेभरवशाचा विंगर’ म्हणून ज्यांची कथा खुमासदार करून सांगितली जाते तेही हेच. १९३६मध्ये बर्लिन ऑलिंपिकला निघालेला चीनचा संघ वाटेत भारतात सामने खेळला. सलीम पहिला सामना खेळले आणि दुसऱ्या सामन्याआधी गायब झाले. शोधाशोध झाली. ते एका नातलगासोबत बोटीने ब्रिटनकडे निघून गेले होते.

त्या नातलगाने त्यांना ग्लासगोत सेल्टिक क्लबच्या दारात नेले. व्यवस्थापक विली मेली यांनी चाचणी घेतली. पायांना पट्ट्या गुंडाळून, बुटांविना, सलीम सेल्टिकच्या राखीव संघाकडून खेळले. ऑगस्ट १९३६च्या अखेरीस गॅल्स्टनविरुद्धचा सामना सेल्टिकने ७-१ जिंकला आणि तिथल्या वृत्तपत्रांनी या अनवाणी पाहुण्याचे वर्णन जादूचे खेळ करणाऱ्यासारखे केले. स्तुतीच ती, पण नीट पाहा, तिच्यातही तोच शेरा दडलेला आहे. जादूगाराचा खेळ आपण पाहतो, टाळ्या वाजवतो, आणि त्याच्यावर विसंबत नाही. काही महिन्यांत घरची ओढ लागून सलीम परतले. बत्तीस वर्षांचा माणूस परक्या थंड मुलुखात रमला नाही, यात लहरीपणा कोणता, हे मला आजवर उमगलेले नाही.

आता १९४०. त्या वर्षी मोहमेडन स्पोर्टिंगने मुंबईत रोव्हर्स चषक जिंकला, आणि डिसेंबरात ड्युरँड चषकही. ड्युरँड १८८८पासून सिमल्यात होत असे, लष्करी संघांची जणू खासगी मालमत्ता. युद्धामुळे ती स्पर्धा दिल्लीला हलवली गेली. अंतिम सामन्यात रॉयल वॉरिकशायर रेजिमेंटचा २-१ असा पराभव करून मोहमेडन हा ड्युरँड जिंकणारा पहिला भारतीय क्लब ठरला. गोलसंख्या पाहिलीत? १९११चीच.

पण १९११ला जो आनंद ‘आमचा’ म्हणून साजरा झाला, तो १९४०ला तसाच साजरा झाला का? त्याच वर्षी मार्चमध्ये लाहोरचा ठराव झाला होता. अनेक शहरांतल्या मुस्लिम समर्थकांनी हा आपल्या समाजाचा विजय मानला आणि पुष्कळ हिंदू क्रीडारसिक तटस्थ राहिले.

नेमक्या याच डिसेंबरात वर्ध्यात एक शिष्टमंडळ आले. विषय फुटबॉलचा नव्हता, क्रिकेटचा होता. मुंबईतली पंचरंगी स्पर्धा धर्मवार संघांची असे : हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपीय आणि ‘शेष’. ती खेळावी की नाही, हे विचारायला हिंदू जिमखान्याची मंडळी गांधीजींकडे आली. परिस्थिती ध्यानात घ्या. १७ ऑक्टोबरला इथून जवळच पवनारला विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला होता आणि एकामागून एक नेते तुरुंगात जात होते. अशा वेळी हा उत्सव गांधीजींना रुचणारच नव्हता. पण त्यांच्या निवेदनातला दुसरा मुद्दा अधिक टिकाऊ होता. महाविद्यालये किंवा संस्था यांच्यातले सामने आपल्याला समजतात, हिंदू अकरा आणि मुस्लिम अकरा कशासाठी हे समजत नाही. अशी विभागणी क्रीडाभाषेतून आणि क्रीडावर्तनातून हद्दपार व्हावी, असा त्याचा आशय होता. हिंदू जिमखान्याने त्या वर्षी माघार घेतली. या स्पर्धेविरुद्ध सर्वांत आधी आणि चिकाटीने लिहिणाऱ्यांत ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी होते, हेही नोंदवले पाहिजे. पंचरंगी स्पर्धा तरीही पुढे चालू राहिली. १९४६च्या सुरुवातीला तिचा शेवट झाला.

गांधीजींची ही कसोटी मोहमेडन स्पोर्टिंगला सरसकट लावावी का? माझे मत नकारार्थी आहे. पंचरंगीत संघ धर्माच्या नावानेच उतरे आणि दुसऱ्या धर्माशीच खेळे. मोहमेडन हा एका समाजाने उभारलेला क्लब होता, पण तो खुल्या लीगमध्ये, सर्वांसाठी समान असलेल्या नियमांनुसार, कोणाही विरुद्ध खेळत होता. कोलकात्यातल्या गोदीकामगाराला आणि दर्ज्याला अभिमान बाळगावा असे सार्वजनिक जागेत दुसरे फारसे काही नव्हते. त्याच्या आनंदात खोट काढणे मला जमत नाही. घोटाळा आनंदात नव्हता, आनंदाच्या स्पष्टीकरणात होता. विंगरचा पाय घसरला तर तो समाजाचा दोष, घसरला नाही तर तो समाजाचा गुण. वर्ध्यातल्या निवेदनाने ज्या विभागणीवर बोट ठेवले, तिची सवय समर्थकांच्या गप्पांनी केव्हाच लावून ठेवली होती.

आणि बूट? ते प्रकरण अजून संपलेले नाही. ३१ जुलै १९४८ला स्वतंत्र भारताचा संघ लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सकडून १-२ हरला. बहुतेक खेळाडू अनवाणी होते, दोन पेनल्टी वाया गेल्या, आणि तरीही प्रेक्षकांनी या संघाला डोक्यावर घेतले. जादूगाराला घेतात तसे. (१९५०च्या विश्वचषकाला भारत केवळ बुटांच्या सक्तीमुळे गेला नाही, ही दंतकथा आहे. महासंघाला ऑलिंपिकपुढे विश्वचषकाचे महत्त्व वाटले नव्हते, हे त्याचे मोठे कारण. त्यावर स्वतंत्र धागा लागेल.) पुढे १९५२ला हेलसिंकीच्या थंडीत पुन्हा बरेचसे अनवाणी उतरलेल्या भारताला युगोस्लाव्हियाने १०-१ असे हरवले. त्यानंतर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले. कोलकात्यातल्या एका क्लबच्या चालकांनी आभाळाकडे पाहून घेतलेला निर्णय देशाच्या महासंघापर्यंत पोहोचायला अठरा वर्षे लागली होती.

चारच वर्षांनी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये याच देशाच्या संघाने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे नमवले. त्यातले तीन गोल मुंबईकडून खेळणाऱ्या, मूळच्या गोव्यातील आसगावच्या नेव्हिल डिसोझा यांचे होते. भारत चौथा आला. सगळ्यांच्या पायात बूट होते.