नागपूरचा ताप आणि घरांतलें पाणी

लढायांच्या तारखा आपण शाळेंत पाठ करतों. परंतु ज्या सांथींनीं लढायांहून अधिक माणसें नेलीं, त्यांचीं सालें घरांतल्या वृद्धांच्या आठवणींपलीकडे फारशीं उरत नाहींत. पृथ्वी तापत आहे व तिच्याबरोबर डांसांचे रोगही फैलावत जाणार, असें हल्लीं सर्वत्र ऐकूं येतें. हें म्हणणें खोटें नव्हे. परंतु 'हवामान' ह्या एकाच शब्दानें किती उलगडतें आणि किती झांकलें जातें, हें पाहावयाचें असेल तर नागपूरच्या तापाचा इतिहास एकवार चाळून पाहावा.

१९६५ च्या उन्हाळ्यांत नागपुरांत तापाची मोठी सांथ उद्भवली. पुण्याच्या विषाणु-संशोधन केंद्रानें रोग्यांच्या रक्ताचे नमुने तपासले, तेव्हां मुख्य अपराधी चिकुनगुन्याचा विषाणु ठरला. डेंग्यूचाही माग लागला. हा चिकुनगुन्या आफ्रिकेंतील टांगानिकांत १९५२ सालीं प्रथम ओळखला गेला. पुढें १९६३ त तो कलकत्त्यास व १९६४ त मद्रासेस प्रकट झाला, आणि लगेच वर्षभरांत नागपुरास पोंचला. ह्याच सांथींतल्या दोन रोग्यांच्या रक्तांत भट्ट व रॉड्रिग्ज ह्या संशोधकांना एक सर्वस्वीं नवा विषाणु आढळला. त्याचें वर्णन १९६७ त प्रसिद्ध झालें. नागपूरकडील 'चांदीपुरा' हें नांव त्यामुळें जगाच्या वैद्यकग्रंथांत कायमचें जाऊन बसलें. तो पसरविते ती मुख्यतः वाळुमाशी, डांस नव्हे; त्यानें २००३ सालीं आंध्रांत कित्येक बालकांचे बळी घेतले.

ह्या हकीकतींत एक कोडें आहे. नागपूरचा उन्हाळा डांसांस मानवणारा नव्हे. मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर जातो, वारा भाजून काढतो, डबकीं आटतात. डेंग्यू व चिकुनगुन्या वाहून नेणारा एडीस डांस तर नाजुक प्रकृतीचा. डेंग्यूचा प्रसार करण्यास त्याला २९ अंशांच्या आसपासची ऊब सर्वांत सोयीची. उष्मा त्याहून फार चढला कीं त्याचें आयुष्य खुंटतें. मग भर उन्हाळ्यांत सांथ आली कशी? ह्याचें उत्तर आकाशांत शोधून मिळणार नाहीं. तें घरांत आहे. हा डांस गटाराचा किंवा दलदलीचा नव्हे. रांजण, हौद, टांकी ह्यांतलें स्वच्छ पाणी त्याला हवें असतें. टंचाईच्या दिवसांत गृहिणी पाणी सांठविते, आणि उन्हाच्या भयानें घरांतली खोली अंधारी व गार ठेवली जाते. बाहेर वैशाख वणवा पेटला असला तरी डांसापुरता आंत श्रावणच असतो!

पुढें वाळ्याच्या ताट्या मागें पडल्या व घरोघरीं कूलर आले. त्यांच्या पाण्याच्या टांक्यांनीं डांसाची आणखी सोय केली. एडीसचीं अंडीं कोरड्या भांड्याच्या कडेला महिनेन् महिने चिकटून जिवंत राहतात. हंगाम संपल्यावर न घांसतां ठेवलेल्या कूलरांत पुढल्या वर्षीं पाणी पडलें कीं त्यांतून पुन्हां अळ्या निघतात. ऊन वाढेल तसे कूलर वाढतील, ते अधिक दिवस चालतील, आणि पाऊस लहरी झाला तर सांठवणही वाढेल. हवामानाचा फेर आपल्या उंबरठ्याच्या आंत येतो तो असा.

हा विचार अगदींच नवा आहे असें नाहीं. पंजाबांतील हिंवतापाची मीमांसा करतांना क्रिस्टोफर्स ह्यानें १९११ सालींच पावसाबरोबर धान्याची महागाईही हिशेबांत धरली होती. त्याच वर्षीं बेंटले ह्यानें मुंबईच्या हिंवतापाचें मूळ शहरांतल्या विहिरींत दाखवून दिलें. दोघांनाही ढगांच्या जोडीला मनुष्याचा व्यवहार पाहावा लागला.

नागपूरच्या सांथीनंतर १९७३ त बार्शीस चिकुनगुन्या भडकला, आणि मग तीस वर्षांहून अधिक काळ तो ह्या देशांत जवळजवळ दिसेनासा झाला. ह्या काळांत उन्हाळे थंडावले नव्हते व डांसही नाहींसे झाले नव्हते. २००५ त तो परतला. २००६ ह्या एका वर्षांत देशभर सुमारें चौदा लक्ष संशयित रोग्यांची नोंद झाली. २०२४ च्या पावसाळ्यांत त्यानें नागपुरास पुन्हां गांठलें आणि सांधे धरून बसलेलीं माणसें घरोघरीं दिसूं लागलीं. तेव्हां केवळ पाऱ्यावरून सांथीचें भविष्य वर्तवितां येत नाहीं, हें उघड आहे. मात्र उष्मा निरुपद्रवी आहे, असाही ह्याचा अर्थ नव्हे. डांसाला सोसेल इतपत ऊब वाढली कीं त्याच्या पोटांतला विषाणु लवकर पक्व होतो, आणि जेथें पूर्वीं थंडी आड येत होती तेथेंही रोगाचा हंगाम लांबतो.

आठवड्यांतून एक 'कोरडा दिवस' पाळा, असें आरोग्यखातें सांगतें. अंड्यापासून डांस होण्यास उबेच्या दिवसांत आठदहा दिवस लागतात, म्हणून हा सल्ला शास्त्रशुद्धच आहे. परंतु ज्या वस्तींत नळ दिवसाआड येतो, तेथील बाईनें भरलेली टांकी कोणत्या भरंवशावर उपडी करावी? पाण्याचा भरंवसा देणें हें तिच्या हातांतलें काम नव्हे. तें नगराचें आहे. कूलर घांसणें हें ज्याचें त्याचें. आकाशाला दोष दिला कीं हीं दोन्हीं कर्तव्यें विसरावयास सोयीचें होतें. ही सोय आपणांस परवडण्याजोगी नाहीं, असें आम्हांस वाटतें.