यंत्रमानवाच्या स्पर्शाला सुरक्षेची चौकट

कारखान्यातील यंत्रमानव एरवी जाळीच्या कुंपणाआड राबतो. घरी वृद्धांना उठवणाऱ्या यंत्राला मात्र माणसाला स्पर्श करावाच लागतो. हा पेच सोडवणारे ‘आयएसओ १३४८२’ हे आंतरराष्ट्रीय मानक २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. ते तयार करणाऱ्या कार्यगटाचे निमंत्रक होते प्रा. गुरविंदर सिंग विर्क. लीड्स (ब्रिटन), मॅसी (न्यूझीलंड) व येव्हले (स्वीडन) या विद्यापीठांत त्यांनी अध्यापन केले.

घरात वावरणारे मदतनीस, शरीराला आधार देणारे आणि माणसाला वाहून नेणारे, अशा तीन प्रकारच्या यंत्रांचा विचार या मानकात आहे. धोका आधी रचनेतच टाळावा, उरलेल्यासाठी संरक्षक योजना करावी आणि सूचनांवर शेवटी विसंबावे, असा त्याचा क्रम आहे. तंत्रज्ञ सहजी हाताशी नसलेल्या मानोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी हा क्रमच वृद्धांचा खरा आधार ठरेल.