धाकटी आगबोट

वारसा म्हटला कीं शेतवाडी, घर, दागिने किंवा निदान एखादा कज्जा तरी असावा, अशी लोकांची समजूत असते. आमच्या वांट्यास आजोबांची एक लोखंडी ट्रंक आली. आजोबा मुंबईच्या गोदींत फिटर होते; तेव्हां ट्रंकेंतून कानशी, पाने, मोजपट्ट्या आणि रंगाचे वाळलेले डबे निघाले याचें आम्हांस नवल वाटलें नाहीं. परंतु अगदीं तळाशीं, जुन्या धोतराच्या फडक्यांत गुंडाळलेली, सुमारें दोन फूट लांबीची एक लांकडी नौका होती. तिच्या मध्यभागीं पितळी बॉयलर, त्याखालीं स्पिरिटचा दिवा, बाजूला एकच एक नळकांडें आणि मागें पितळी पंखा. इंग्लंडांतील नॉर्फोक परगण्यांत डेरेहॅम म्हणून गांव आहे. तेथें दोन महायुद्धांच्या मधल्या काळांत बोमन या नांवाचा कारखाना वाफेवर चालणाऱ्या अशा नौका करीत असे. आमची नौका त्या घरची लेक.

ती आजोबांच्या हातीं कशी आली याविषयीं आमच्या घरांत दोन कथा आहेत. मायदेशीं परतणाऱ्या कोणा साहेबानें ती १९४७ सालीं आजोबांस बक्षीस दिली, ही एक. आजोबांनीं ती चोरबाजारांतून, घरभाड्याचे पैसे मोडून आणली, ही दुसरी. आणि ती आजीची. आम्ही आजीची कथा खरी मानतों, कारण तिच्यांत राग आहे.

नौका चालती करावी असें आम्हीं ठरविलें, आणि त्या निमित्तानें जें वाचलें, पाहिलें व चुकलों त्याचा हा वृत्तांत आहे.

प्रथम ‘आगबोट’ या शब्दाविषयीं. इंग्रजांनीं ह्या जहाजास वाफेचें नांव दिलें. आमच्या लोकांनीं वाफेकडे दुर्लक्ष करून आगीचें दिलें. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसास वाफ दिसत नाहीं. धुरांडें दिसतें आणि रात्रीं त्यांतून उडणाऱ्या ठिणग्या दिसतात. मुंबईच्या गोदींत वाडियांनीं बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट १८३० सालच्या २० मार्च रोजीं सुएझकडे निघाली, तेव्हां तिच्या पोटांत पुरेसा कोळसा मावेना. वाटेंत एडनपर्यंत पोंचावयाचें तर जेथें जागा सांपडेल तेथें कोळसा भरणें प्राप्त झालें, आणि बिचारी जवळजवळ कांठापर्यंत बुडालेल्या स्थितींत बंदराबाहेर पडली. त्याच वाडिया घराण्यांतील अर्देशीर खरशेटजी यांनीं तरुण वयांत एक अश्वशक्तीचें लहानसें वाफेचें यंत्र स्वतः घडविलें होतें. १८४१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यांस आपलें सदस्यत्व दिलें, आणि तो मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. मोठ्या यंत्राकडे जाण्याची वाट लहान यंत्रावरून जाते, हें त्यांनीं जाणलें होतें. कोंकणांत मात्र ह्या शब्दास दुसरीहि एक छटा आहे. १९४७ च्या १७ जुलै रोजीं ‘रामदास’ रेवसच्या वाटेवर बुडाली व सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. त्यानंतर कित्येक वर्षें ‘आगबोट’ हा शब्द निघाला कीं आमच्या घरचीं वडील माणसें क्षणभर बोलावयाचीं थांबत.

आतां लहान यंत्राच्या दुरुस्तीचा विषय काढल्यावर जेम्स वॅटला टाळून पुढें जातां येत नाहीं. किटलीचें झांकण उडालें आणि वॅटला वाफेची शक्ति कळली, ही शाळेंतील गोष्ट सर्वांस पाठ आहे. खरी गोष्ट तिच्याहून पुष्कळ रसाळ असून ती नेमकी दुरुस्तीची आहे. ग्लासगो विद्यापीठाजवळ न्यूकोमेनच्या पंपाच्या यंत्राची एक छोटी प्रतिकृति होती. वर्गांत दाखविण्यासाठीं ठेवलेली. ती चालेना म्हणून लंडनला एका नामांकित कारागिराकडे पाठविली, तरी काम झालें नाहीं. १७६३-६४ च्या हिवाळ्यांत ती विद्यापीठाचा उपकरणें करणारा कारागीर जो वॅट, त्याच्या पुढ्यांत आली. तिच्या नळकांड्याचा व्यास अवघा दोन इंच. वॅटनें ती जुळविली, चूल पेटविली, आणि यंत्र चार-दोन झटके देऊन थांबलें. बॉयलर लहान नव्हता. वाफ मात्र पुरत नव्हती.

दुसरा एखादा असता तर त्यानें बॉयलर मोठा करून पैसे घेतले असते. वॅट मोजूं लागला. प्रत्येक झटक्यास नळकांडें एकदां वाफेनें तापे आणि वाफेचें पाणी करण्याकरितां आंत सोडलेल्या गार पाण्यानें तितकेंच निवे. पुढच्या झटक्याची बरीचशी वाफ तें पुन्हां तापविण्यांतच खर्ची पडे. मोठ्या यंत्रांतहि हें होतच होतें, परंतु तेथें तें खपून जात असे. वस्तु जों जों लहान, तों तों तिच्या पोटाच्या मानानें तिची कातडी मोठी. म्हणून लहान नळकांडें अधिक उष्णता गमावतें. मोठ्या यंत्रानें जो दोष अर्धशतक झांकून ठेवला होता, तो ह्या वर्गांतल्या खेळण्यानें चव्हाट्यावर आणला. १७६५ सालीं वॅटला सुचलें कीं वाफ थंड करावयाची ती नळकांड्यांत नव्हे, शेजारच्या वेगळ्या भांड्यांत करावी. आणि १७६९ सालीं त्याचें पेटंट झालें. ती प्रतिकृति आजहि ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहालयांत आहे.

वॅटनंतर सव्वाशें वर्षांनीं चार्ल्स पार्सन्स ह्यानेंहि हाच मार्ग धरला. टर्बाइनवर चालणारें जहाज बांधण्यापूर्वीं त्यानें दोन फुटी नौका करून ती मासे धरण्याच्या दोरीनें तळ्यांतून ओढून पाहिली, मग सहा फुटी केली आणि पिळलेल्या रबरानें तिचा पंखा फिरविला. पुढें त्याच्या ‘टर्बिनिया’नें १८९७ सालीं इंग्लंडच्या आरमारी समारंभांत घुसून सर्व आरमारास लाजविलें, तें प्रसिद्धच आहे.

खेळण्यांची कथा त्या मानानें थोडक्यांत आटपतां येईल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जर्मनींतील न्यूरेंबर्ग येथें बिंग, कारेट इत्यादि कारखान्यांनीं पत्र्याच्या, वाफेवर चालणाऱ्या नौका जगभर धाडल्या. इंग्लंडांत १८९८ सालीं अशा छांदिष्ट मंडळींसाठीं ‘मॉडेल इंजिनियर’ हें नियतकालिक निघालें. १९०४ सालीं लंडनच्या पूर्वभागांत, कामकरी वस्तीजवळच्या व्हिक्टोरिया पार्कांतील तळ्यावर वाफेच्या लहान नौकांचा क्लब स्थापन झाला. हा छंद केवळ धनिकांचा होता असें मानूं नये. गोदींतला, गिरणींतला, रेल्वेंतला माणूस दिवसभर परक्याचें यंत्र चालवी आणि रविवारीं आपलें. पहिल्या महायुद्धांत जर्मन माल बंद झाला, आणि नंतरच्या काळांत बोमनसारख्या इंग्रज कारखान्यांस वाव मिळाला. आपल्याकडच्या जत्रांतून पत्र्याची फटफट वाजणारी जी होडी मिळते, तीहि ह्याच कुळांतली. फक्त तिच्यांत यंत्रच नाहीं, एक पोकळी व दोन नळ्या आहेत.

आमच्या नौकेचें यंत्र ज्या जातीचें आहे तिला झुलतें नळकांडें म्हणतां येईल. येथें झडपा नाहींत. नळकांडें एका खिळीवर झुलतें; झुलतांना त्याच्या सपाट अंगावरचें भोंक समोरच्या पट्टीवरील दोन भोंकांशीं आळीपाळीनें जुळतें. एकांतून वाफ येते, दुसऱ्यांतून वापरलेली जाते. एक स्प्रिंग हीं दोन अंगें घट्ट धरून ठेवतें. खेळण्यासाठीं केलेली ही सोपी युक्ति असावी असें आम्हांस वाटलें होतें. पण ‘ग्रेट ईस्टर्न’ ह्या अवाढव्य जहाजाचीं वल्ह्यांचीं चाकें फिरविणारीं नळकांडीं झुलतींच होतीं, आणि त्यांचा व्यास ७४ इंच होता. १८७० सालीं ह्याच जहाजानें मुंबईहून एडनपर्यंत समुद्राखालीं तारायंत्राची तार टाकली. म्हणजे आमच्या ट्रंकेंतल्या पाव इंचाच्या झोक्याची थोरली बहीण मुंबईच्या बंदरांत येऊन गेलेली होती.

दुरुस्तीस आरंभ केला तो यंत्रापासून. तें जाम झालें होतें, गंजामुळें नव्हे, तर घरच्या कोणीतरी प्रेमानें घातलेल्या गोडेतेलामुळें. तेल सुकून लाखेसारखें बसलें होतें. रॉकेलांत चार दिवस भिजविल्यावर दट्ट्या सुटला. नौकेच्या लांकडास दोन भेगा होत्या, त्या बुजविल्या. रंगाचा प्रश्न कठीण निघाला. मूळ रंगावर आजोबांनीं गोदींतला तांबडा रंग चढविला होता, जहाजांच्या लोखंडास गंज लागूं नये म्हणून देतात तो. परदेशांतील जाणकारांचा दंडक असा कीं वरचा थर उतरवून कारखान्याचा मूळ रंग उघडा करावा. आम्हांस हा दंडक मान्य नाहीं. हा तांबडा रंग म्हणजे शिशाचें भस्म, आपला शेंदूरच. तो खरवडणें प्रकृतीस घातक तर आहेच, पण शिवाय डेरेहॅमचा रंग तेवढा खरा आणि माझगांवचा खोटा, हें कोणीं ठरविलें?

परंतु हें तत्त्व बॉयलरपाशीं येऊन अडलें. बॉयलरच्या पोटाशीं जुन्या रुपयाएवढें एक ठिगळ होतें. ओबडधोबड, डाख बाहेर ओघळलेला. आजोबांच्या हातचें एक पत्रहि आमच्याजवळ नाहीं. त्यांस लिहितां फारसें येत नसे. हें ठिगळ हेंच त्यांचें हस्ताक्षर. कथील-शिशाचा डाख १८३ अंशांच्या सुमारास वितळूं लागतो. स्वयंपाकघरांतल्या कुकराइतका, म्हणजे १५ पौंडांचा दाब असला तर आंतलें पाणी १२१ अंशांवर उकळतें. म्हणून पाणी आहे तोंवर डाख सुरक्षित. पाणी संपून दिवा जळत राहिला कीं डाख ओघळतो. आजोबांनीं एकदां तरी ती कोरडी जाळली असावी, आणि मग घाईघाईनें ठिगळ मारलें असावें.

बॉयलर वाफेनें कधींहि तपासूं नये. गार पाण्यानें कांठोकांठ भरून पंपानें दाब द्यावा. पाणी प्रसरण पावत नाहीं, त्यामुळें बॉयलर फुटला तरी नुसता पाझरतो. वाफेचा फुटला तर माणूस जातो. आमचा दहा पौंडांवरच ठिगळाच्या कडेनें पाझरूं लागला. दोष ठिगळाचा होता म्हणावें तर झांकण काढून आंत पाहतां पितळ गुलाबी दिसलें. पितळ म्हणजे तांबें व जस्त; वर्षानुवर्षें पाण्याच्या सान्निध्यांत जस्त निघून जातें आणि मागें राहतें तें तांब्याचें ठिसूळ जाळें. असा बॉयलर डाखून बरा होत नाहीं. आणि डाखावयाचा तर तापवावा लागणार, म्हणजे आजोबांचें ठिगळ ओघळून जाणार.

घरांत मतभेद झाला. आमच्या आत्याचें म्हणणें असें कीं नौका होती तशी कपाटांत ठेवावी. बाबांच्या हाताला हात लावूं नये. आम्हीं उत्तर दिलें कीं आजोबांनीं स्वतः कारखान्याच्या बॉयलरास हात लावला होता, आणि तो नौका चालावी म्हणूनच. ह्यावर आत्या म्हणाली, “दादाचं कधीं चुकलं नाहीं, म्हणून तुझंहि चुकणार नाहीं असं नाहीं हो.” हें उत्तर आम्हांस आजपर्यंत खोडतां आलेलें नाहीं.

अखेर पुण्यास तांबट आळींतल्या एका वृद्ध कारागिराकडून त्याच मापाचा तांब्याचा नवा बॉयलर करून घेतला. त्यास चांदीमिश्रित डाख दिला, जो सहाशें अंशांपुढें वितळतो. त्या गृहस्थांनीं जुना बॉयलर हातांत घेऊन ठिगळावरून अंगठा फिरविला आणि विचारलें, “हें कोणीं केलं?” आम्हीं सांगितलें. “हात चांगला होता, पण डाख कमी तापवला,” एवढेंच ते म्हणाले, आणि ठिगळाची मजुरी म्हणून नव्या बॉयलरच्या हिशेबांतून दहा रुपये कमी केले. असें कां केलें तें त्यांनीं सांगितलें नाहीं.

नवा बॉयलर तीस पौंडांच्या गार पाण्याच्या दाबास टिकला. गेल्या दिवाळींत गांवच्या विहिरीशेजारील हौदांत नौका सोडली. दिवा पेटविल्यावर चार-पांच मिनिटांनीं वाफ झाली, पंख्यास बोटानें झटका दिला, आणि यंत्र प्रथम तेलकट पाणी थुंकूं लागलें, वॅटच्या खेळण्याप्रमाणेंच. लहान नळकांडें तापेपर्यंत अर्धी वाफ पाणी होऊन जाते. मग तें पाणी संपलें आणि टक्‌टक् असा एकसारखा आवाज येऊं लागला. आत्या कांठावर खुर्ची टाकून बसली होती. नौका हौदाच्या मध्यभागीं गेली, आणि तेथें वाऱ्यानें दिवा विझला. भाच्यास पोहत जाऊन ती ढकलीत आणावी लागली. आत्यानें ती पदरानें पुसली आणि दिव्यांत स्पिरिट आहे कीं नाहीं तें पाहिलें.