कोंबड्यांच्या श्वासनलिकेंतील तांबडा कृमि

घरच्या कोंबडीचीं पिल्लें जन्मल्यावर थोड्याच दिवसांत मान लांबवून चोच वासूं लागतात, शिंकतात, मलूल होतात आणि अखेर गुदमरून मरतात. हा रोग इंग्लंड-अमेरिकेंतील कुक्कुटपालकांस पूर्वापार परिचित होता. त्याच्या कारणाचा शोध बाल्टिमोर येथील शारीरशास्त्राचा अध्यापक अँड्र्यू वीझेन्थाल यानें लाविला, असें सामान्यतः लिहिलें जातें. त्याचें १७९७ सालचें पत्र लंडनच्या एका वैद्यकीय मासिकांत १७९९ मध्यें छापलें गेलें. तत्पूर्वींच तो निवर्तला होता.

परंतु पत्र लक्षपूर्वक वाचल्यास निराळीच गोष्ट दिसते. श्वासनलिका कृमींनीं पूर्ण भरलेली आपण पाहिली, असें तो सांगतो खरा. पण हीं लक्षणें कृमींमुळें होतात हें सर्वांस ठाऊकच आहे, असेंहि तोच म्हणतो. तेव्हां शोधाचें श्रेय त्या अनामिक शेतकरी कुटुंबांकडे जातें; वीझेन्थालकडे लेखनाचें. त्याचें स्वतःचें मोल मला दुसऱ्या एका नोंदींत वाटतें. जुन्या, पुष्कळ दिवस वहिवाटींत असलेल्या शेतवाड्यांवर रोग सर्वांत अधिक, हें त्यानें टिपून ठेविलें.

त्याचा अर्थ कळावयास शतकाहून अधिक काळ लोटला. १८३६ मध्यें सीबोल्ड यानें या कृमीस ‘सिंगॅमस’ म्हणजे ‘सहपरिणीत’ हें नांव दिलें. आंखूड नर लांब मादीस जन्मभर चिकटलेला राहतो, म्हणून जोडपें फांटा फुटलेल्या एकाच प्राण्यासारखें भासतें. (नामकरण इतकें अन्वर्थक क्वचितच सांपडतें.) पुढें फ्रान्सच्या मेन्यँ यानें अंड्यांनीं भरलेले कृमि एका पक्ष्यास चारून रोग उत्पन्न केला, तर अमेरिकेंतील वॉकर यानें गांडूळ हाच मूळ आश्रय ठरविला. दोघांचेंहि म्हणणें अंशतः खरें ठरलें. अंडीं खाऊन थेट लागण होते. शिवाय गांडुळाच्या शरीरांत अळी तीन वर्षांहून अधिक जगते. जुनी वाडी घातक कां, याचें उत्तर मातींतच होतें.

उपचार विविध झाले. पिसाचें टोंक तेवढें राखून तें नलिकेंत फिरवीत व कृमि ओढून काढीत. कर्नल माँटेग्यूनें १८११ सालच्या निबंधांत जागा व अन्न बदलून पाण्याऐवजीं सताप व लसूण यांचा फांट पाजावयास सांगितलें. मेन्यँनें हिंग सुचविला. लशुनास चरकसंहितेंतहि कृमिघ्न म्हटलें आहे. तथापि एवढ्यावरून ही विद्या येथून तिकडे गेली असें अनुमान काढणें अप्रशस्त होय. कॉबोल्डनें तर पिल्लाची श्वासनलिका चिरून कृमि काढले व तें वांचविलें. खात्रीचें औषध १९६१ नंतर थायबेंडाझोल व पुढें फेनबेंडाझोल यांच्या रूपानें आलें. निदान मात्र अद्यापि मुख्यतः दोन मार्गांनीं होतें: विष्ठेंतील अंडीं सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून, किंवा मेलेल्या पिल्लाची नलिका उघडून.