खानदेशातील पदव्युत्तर विज्ञान व अभियांत्रिकी शिक्षणाचा सामाजिक विस्तार : एक ऐतिहासिक मागोवा

विज्ञान व अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर शिक्षणात कोणत्या समाजघटकांना स्थान मिळाले, याची चर्चा बहुधा आरक्षणाच्या तरतुदींपासून सुरू होते. खानदेशापुरती ती अंतरापासून सुरू करणे अधिक न्याय्य ठरते. १९०६ मध्ये जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. पुढे तेच जळगाव व धुळे जिल्हे म्हणून ओळखले गेले. कापसाची बाजारपेठ, कापड गिरण्या आणि भुसावळसारखे रेल्वे जंक्शन असूनही उच्च शिक्षणाची सोय येथे फार उशिरा झाली. अमळनेरचे प्रताप महाविद्यालय व जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय ही दोन्ही १९४५ मधील. दोहोंच्या नावांमागे गिरणी व व्यापाराचे भांडवल आहे. अमळनेरलाच श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले होते; म्हणजे तत्त्वज्ञानाच्या संशोधनाची सोय पदवी महाविद्यालयाच्या जवळजवळ तीन दशके आधी झाली. हा क्रम विचार करण्याजोगा आहे.

महाविद्यालये निघाली तरी त्यांचा लाभ प्रथम कोणाला झाला असेल, हे सांगण्यास फार पुराव्यांची गरज नाही. शहरात घर असलेली व शेतीचे उत्पन्न हाती असलेली कुटुंबे पुढे होती. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र शासनाची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली व ती पुढे अनुसूचित जमातींनाही लागू झाली. तिच्या आधारे पदवीपर्यंत पोहोचणारा विद्यार्थी एम.एस्सी.च्या उंबरठ्यावर मात्र थबकत असे. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झाले आणि खानदेश त्याच्या कक्षेत आला. स्थानिक महाविद्यालयांत काही पदव्युत्तर वर्ग निघाले, तरी विद्यापीठाचे विज्ञान विभाग, ग्रंथालय आणि संशोधन-नोंदणीचे कार्यालय पुण्यातच होते. साक्री किंवा चोपडा तालुक्यातील शेतमजुराच्या मुलाला पुण्यात दोन वर्षे राहण्याचा खर्च केवळ शिष्यवृत्तीत भागणे कठीण होते. मुलींच्या बाबतीत तर खर्चाआधी घरच्यांच्या परवानगीचाच प्रश्न येई.

मराठवाड्याला १९५८ मध्ये, दक्षिण महाराष्ट्राला १९६२ मध्ये आणि पश्चिम विदर्भाला १९८३ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ मिळाले. खानदेशाला त्यासाठी १५ ऑगस्ट १९९० पर्यंत थांबावे लागले. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. एन. के. ठाकरे हे गणितज्ञ होते. विद्यापीठाच्या जळगावजवळील परिसरात रसायन, भौतिक, जीव, गणितीय व पर्यावरण विज्ञानाच्या प्रशाळा उभ्या राहिल्या. रसायन तंत्रज्ञानाची संस्थाही आली. या प्रशाळांमुळे आरक्षित जागा प्रथमच घराजवळ आल्या. त्या जागा कायद्याने आधीही होत्या, पण ज्यांच्यासाठी होत्या त्यांच्या आवाक्यात नव्हत्या. हा फरक प्रवेशाच्या आकडेवारीत सहसा नोंदवला जात नाही. सुरत–भुसावळ लोहमार्गावरील नवापूर, नंदुरबार व अमळनेरच्या विद्यार्थ्यांना जळगाव थेट रेल्वेने गाठता येते, हेही या संदर्भात दुर्लक्षिण्यासारखे नाही.

अभियांत्रिकीची वाट वेगळी होती. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ मध्ये विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि जळगावजवळ बांभोरी व फैजपूर येथे अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. बांभोरीचे महाविद्यालय चालविणाऱ्या श्रमसाधना ट्रस्टच्या संस्थापक प्रतिभाताई पाटील या मूळजी जेठा महाविद्यालयाच्याच विद्यार्थिनी. या विस्ताराने अंतर कमी केले, परंतु शुल्क वाढविले. जळगावला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आले ते १९९६ मध्ये. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक संस्थांतील आरक्षणाला भक्कम आधार मिळाला तो २००५ च्या ९३ व्या घटनादुरुस्तीने व राज्याच्या २००६ च्या अधिनियमाने. तोवर सुस्थितीतील शेतकरी कुटुंबांतील मुलांची एक पिढी अभियंते होऊन बाहेर पडली होती. भूमिहीनांच्या मुलांना तेवढी संधी मिळाली नाही.

आदिवासी विद्यार्थ्यांचा प्रश्न याहून खोल आहे. २०११ च्या जनगणनेनुसार अनुसूचित जमातींचे प्रमाण जळगाव जिल्ह्यात सुमारे १४, धुळे जिल्ह्यात सुमारे ३२ आणि १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबारमध्ये सुमारे ६९ टक्के होते. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा, तडवी या समाजांतील मुले घरी भिली, पावरी अशा बोली बोलतात, शाळेत मराठी शिकतात आणि एम.एस्सी.ला इंग्रजीतून उत्तरे लिहितात. प्रत्येक टप्प्यावर भाषा बदलते. आश्रमशाळांनी पहिला टप्पा बराचसा सुकर केला. परंतु अकरावी-बारावी विज्ञान शाखेची सुसज्ज प्रयोगशाळा व गणिताचा पूर्णवेळ शिक्षक जेथे नाही, तेथे पदव्युत्तर स्तरावरील राखीव जागेचा उपयोग मर्यादितच राहणार. अक्राणी तालुक्यातील मुलाला आज जळगाव जवळजवळ तितकेच दूर आहे, जितके एकेकाळी साक्रीच्या मुलाला पुणे होते.

स्त्रियांच्या बाबतीत चित्र अधिक आशादायक, पण एकसारखे नाही. १९३३ मध्ये मुंबईची पदवीधर कमला सोहोनी यांना बंगळूरच्या विज्ञान संस्थेत प्रथम परीक्षाधीन म्हणून प्रवेश मिळाला होता. २०२०-२१ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात विज्ञान शाखेच्या सुमारे ५७.२ लाख विद्यार्थ्यांपैकी २९.५ लाख स्त्रिया होत्या. अभियांत्रिकीत मात्र त्यांचे प्रमाण देशभरात एक तृतीयांशाहूनही कमी आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्काची पूर्ण सवलत दिली. वसतिगृहाची जागा व प्रवासाची सुरक्षितता हे प्रश्न त्या निर्णयाच्या बाहेर राहिले. निरक्षर असूनही कविता रचणाऱ्या बहिणाबाई चौधरींचे नाव या विद्यापीठाला २०१८ मध्ये देण्यात आले.

पीएच.डी.च्या स्तरावर २००५-०६ मध्ये सुरू झालेल्या राजीव गांधी राष्ट्रीय अधिछात्रवृत्तीने व पुढे बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्त्यांनी संशोधनाला उदरनिर्वाहाची जोड दिली. प्रयोगशाळेतील संशोधन मात्र ग्रंथालयातील संशोधनासारखे थांबवून ठेवता येत नाही. अधिछात्रवृत्तीचा हप्ता लांबला, तर रसायने येत नाहीत, उपकरणाची वेळ हातची जाते, आणि ज्याच्या घरून पैसे येऊ शकत नाहीत तोच विद्यार्थी आधी काम सोडून शिकवण्याची तासिका तत्त्वावरील नोकरी धरतो.